कडाक्याच्या थंडीत बाग वाचवायची तर पाणी आदल्या दिवशी द्या

प्रश्न निफाडहून आला आहे. कडवा नदीच्या काठाजवळ दीड एकर थॉमसन द्राक्षाची बाग, छाटणी ऑक्टोबरातली, मण्यांत पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ होऊन गोडी भरायला, अजून अवकाश. बांधाला पपई, दारात परसबाग. पारा चार-पाचवर आला आहे आणि पहाटे पानांवरचं दव गोठेल अशी धास्ती आहे. शेजारी धूर करतात, कोणी म्हणतं पहाटे ठिबक चालवा, कोणी म्हणतं उसाचं पाचट अंथरा. यातलं खरं काय, असं दादांनी विचारलं आहे.

दादा, आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या बागेला त्या रात्री ऊब देणारी एकच मोठी वस्तू आहे, ती म्हणजे बागेची जमीन. दिवसा ती उन्हाने तापली पाहिजे, रात्री तिने ती ऊब वर सोडली पाहिजे आणि झाकलं असेल तिथे ती झाकणाखाली राहिली पाहिजे. म्हणून पहाटेच्या धुरापेक्षा आदल्या दिवसाची ओल कितीतरी जास्त कामाची. ठिबकाचा उपयोग आहे, पण मर्यादेत. पाचट मात्र या आठवड्यात अंथरू नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की वेळेला काय करायचं ते तुमचं तुम्हालाच सुचेल.

आपल्याकडची ही थंडी येते कशी ते बघा. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी हवा, येऊन जातो, हिमाचल-काश्मीरला बर्फ पडतो आणि मागून कोरडा उत्तरेचा वारा धुळे, मालेगाव, निफाडपर्यंत उतरतो. वारं असतं त्या दिवशी अंगाला झोंबतं खरं, पण बागेला खरा धोका त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री, वारं पडल्यावर. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, रात्र मोठी. जमीन आणि पानं रात्रभर आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतात. ढग असले तर ते गोधडीसारखे ती उष्णता अडवून परत खाली पाठवतात, नसले तर ती गेलीच. पान पातळ असतं, त्यात साठा काही नसतो, म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. माणसाच्या उंचीवर हवा तीन-चार अंश असताना पानाचा पृष्ठभाग शून्याला टेकू शकतो.

महाबळेश्वरला हे दर हिवाळ्यात दिसतं. वर गावात किमान तापमान बऱ्याचदा आठ-दहा अंश नोंदलेलं असतं आणि त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या जेटीवर, गाड्यांच्या टपांवर, लिंगमळ्याकडच्या स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण जमलेले असतात. नंदुरबारच्या अक्कलकुव्यात डाबच्या पठारावरही असंच दव गोठतं. तेव्हा बातमीतला आकडा तुमच्या बागेचा आकडा नव्हे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर 2018 च्या शेवटी पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. तो केंद्राच्या पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा होता. त्याच पहाटे उघड्यावरच्या पानांची अवस्था काय असेल, याचा अंदाज यावरून करा.

म्हणून पहिला खर्च करायचा तो थर्मामीटरवर. कमाल-किमान दाखवणारे साधे दोन घ्या. एक मांडवाखाली घडांच्या उंचीला टांगा, दुसरा बागेच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात, जमिनीपासून फूटभर उंचीवर, उघड्यावर. घराच्या भिंतीवर लावलेल्याचा उपयोग नाही, भिंत रात्रभर ऊब सोडत असते आणि आकडा चढा दिसतो. चार-पाच रात्री नोंद केलीत की कळेल, हवामान खात्याचा अंदाज पाच सांगतो तेव्हा तुमचा खोलगट कोपरा किती दाखवतो. हा फरक एका बागेत फारसा बदलत नाही. एकदा तो हाती आला की कुठल्या रात्री जागायचं आणि कुठल्या रात्री झोपायचं, हे संध्याकाळीच ठरवता येतं.

आता खोलगट कोपऱ्याबद्दल. थंड हवा जड असते, ती उताराने खाली येते आणि जिथे अडेल तिथे साचते. निफाडचा पट्टा गोदावरी-कडवेच्या खोऱ्यात आहे, म्हणून तिथे नाशिक शहरापेक्षा पारा खाली जातो. तुमची बाग नदीकाठाला म्हणजे या सगळ्याच्या तळाशी. बागेच्या खालच्या बाजूला, नदीकडे, दाट कुंपण आहे का ते बघा. शेवरीची गच्च रांग, उसाचा फड, हिरव्या जाळीचा आडोसा, यांपैकी काहीही उताराच्या खालच्या टोकाला असेल तर थंड हवा बागेतच कोंडून राहते. जाळी असेल तर वीतभर वर उचलून बांधा, शेवरीच्या रांगेत ठिकठिकाणी खालच्या फांद्या काढून वाट करून द्या. वरच्या बाजूचा, म्हणजे शेताच्या चढाकडचा आडोसा मात्र राहू द्या, तो वरून येणारी थंड हवा बाजूला वळवतो. केळीवाले जळगावकडे वाऱ्यासाठी शेवरी लावतात ते बरोबरच आहे. इथे प्रश्न फक्त खालच्या कडेचा आहे.

आता पाण्याकडे येतो.

काळी जमीन कोरडी, भेगाळलेली असली की तिच्या कणांमध्ये हवा असते. अशी जमीन दिवसा वरवर तापते, खाली ऊब जात नाही आणि रात्री खालची ऊब वर येत नाही. वाफशावरची, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही अशी, जमीन दोन्ही कामं नीट करते. म्हणून थंडीच्या लाटेचा अंदाज कळला की एक-दोन दिवस आधी, शक्य असेल तर सकाळी, वरचा फूटभर थर ओला होईल इतकं पाणी द्या आणि मग त्यावर दुपारचं ऊन पडू द्या. जमीन आधीच वाफशावर असेल तर जास्तीचं पाणी नको, चिखल केलात तर पांढऱ्या मुळीचं, म्हणजे अन्नपाणी ओढणाऱ्या कोवळ्या मुळांचं, नुकसान होईल आणि हाती काही येणार नाही.

विहिरीच्या पाण्यात किती ऊब असते, याचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. आपल्या भागात विहीर-बोअरचं पाणी हिवाळ्यातही साधारण 24 अंशांच्या आसपास असतं, म्हणूनच पहाटे त्यातून वाफा निघताना दिसतात. एकरावर 20 मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे 80 हजार लिटर. ते 24 वरून 4 अंशांवर येताना 16 लाख किलोकॅलरी सोडतं. वाळलेलं लाकूड किलोला साधारण चार हजार किलोकॅलरी देतं असं धरलं, तर ही चारशे किलो लाकडाची ऊब झाली. सगळी त्याच रात्री तुमच्या पानांना मिळते असं नाही, पण ती जमिनीत, बागेभर पसरून, हळूहळू सुटते. शेकोटीची ऊब एका जागी असते आणि सरळ वर निघून जाते.

पहाटेच्या ठिबकाचं उत्तर याच हिशेबात आहे. नऊ बाय पाच फुटांवर एकरी साधारण 970 वेली, वेलीला चार लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे तासाला पावणेआठ हजार लिटर. तीन तास चालवलंत तर 23 हजार लिटर, तेही ओळीत हातभर रुंदीच्या पट्ट्यात. फायदा होतो, घडांच्या उंचीला अर्धा-एक अंश मिळाला तरी पानं वाचण्याच्या सीमेवर तो मोलाचा असतो. पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका. शिवाय पहाटे चारला पंपाला लागणारी थ्री फेज लाइट असेलच असं नाही. दिवसाची पाळी आहे की रात्रीची ते आधी बघा आणि शेततळ्यात किंवा टाकीत पाणी असेल तर उताराने सोडायची सोय करून ठेवा. शेततळ्याचं पाणी रात्री उघड्यावर थंड होतं, त्यात विहिरीइतकी ऊब नसते, एवढं मात्र लक्षात असू द्या.

ठिबकाबद्दल आणखी एक सावधगिरी. तुमच्या मण्यांत अजून पाणी उतरलेलं नाही, म्हणून तुम्हाला चालेल. ज्यांच्या घडांत पाणी उतरून गोडी भरते आहे त्यांनी पहाटे भरमसाट पाणी देऊ नये. थंडीत पानांतून बाष्प जात नाही, मुळं मात्र पाणी ओढतात, मण्यावर ताण येतो आणि मणी तडकतो. अशा बागेत आदल्या दिवशी दुपारी थोडं पाणी आणि पहाटे अगदी बेताचं, असं करावं.

मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ फिरतात, बर्फाने मढलेल्या वेली आणि वर सुरू असलेले तुषार. ते खरं आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी सोडतं, त्या उष्णतेवर बर्फाच्या आतली कळी शून्याच्या आसपास टिकून राहते. पण फ्रान्सच्या शाब्लीमधली वेल जानेवारीत पानं गाळून झोपलेली असते, त्यांना भीती एप्रिलच्या कोवळ्या फुटीची. आपली वेल डिसेंबर-जानेवारीत भर पानांत आणि घडांत असते. तेवढा बर्फ आपला मांडव पेलणार नाही, आणि घड भिजले की डाऊनी (केवडा रोग) आणि मणीकूज मागोमाग आलीच. त्याहून मोठा धोका पाणी मध्येच थांबण्याचा. गोठताना मिळणाऱ्या उष्णतेच्या साडेसातपट उष्णता तेच पाणी बाष्प होताना ओढून घेतं. तुषार अपुरे पडले किंवा मध्येच लाइट गेली, तर काहीच न केलेल्या बागेपेक्षा तुमची बाग जास्त जळेल. याच कारणाने पहाटे ब्लोअरने पानांवर साधं पाणी मारणंही टाळा. थोडं पाणी आणि वरून पंख्याचा वारा, यात पान आणखी गार होतं.

धुराचं आता. धूर दिसायला दाट असतो, म्हणून तो ऊब अडवत असेल असं वाटतं. पण जमीन जी उष्णता सोडते ती धुराच्या बारीक कणांमधून बरीचशी आरपार जाते. शेकोटीचा उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा, आणि तोही जाळ लहान लहान, ओळींमध्ये विखुरलेला असेल तरच. निवांत रात्री जमिनीलगत थंड हवा आणि वर दहा-पंधरा मीटरवर तुलनेने उबदार हवा असा थर असतो. लहान जाळाची हवा त्या थराखाली राहून फिरते. मोठा ढीग पेटवलात तर गरम हवा थर फोडून वर निघून जाते आणि तिच्या जागी कडेची थंड हवा बागेत ओढली जाते. तेव्हा करायच्याच असतील तर बांधावर एक होळी नको, एकरात विखुरलेल्या पुष्कळ लहान शेकोट्या करा, पहाटे तीन-साडेतीनला लावून ऊन येईपर्यंत जपा. वाळलेल्या काड्या, छाटणीचं वाळलं लाकूड वापरा. ओला कचरा घालून मुद्दाम धूर वाढवण्यात अर्थ नाही, उलट सूर्य उगवल्यावर तोच धूर ऊन अडवतो. टायर तर कुणीही जाळू नये. ती काजळी घडावर बसते, श्वासात जाते, आणि निर्यातीच्या मालावर असला डाग परवडत नाही. मजूर, लाकूड, जागरण हे सगळं मोजलं तर मी शेकोट्यांना तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो, ओल आणि झाकणानंतर.

पाचटाचं ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. उन्हाळ्यात आच्छादन उत्तम, ते मी स्वतः सगळ्यांना करायला सांगतो. पण या रात्रींत तेच आच्छादन दिवसा उन्हाला जमिनीपर्यंत पोचू देत नाही आणि रात्री जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. पाचटाखाली मुळं उबदार राहतात, पण आपल्याकडे मुळं गोठण्याइतकी जमीन कधी थंड होतच नाही. थंड पडतात ती पानं, आणि पाचटावरची हवा उघड्या ओल्या जमिनीपेक्षा एखाद-दोन अंश गार असते. म्हणून अंथरलेलं असेल तर लाटेच्या आठवड्यापुरतं वेलीच्या बुंध्याकडे ओढून घ्या, ओळींमधली जमीन उघडी करा. दाट उभं तण असेल तर तेही कापून टाका, तेही तेच काम करतं. आणि या दिवसांत रोटाव्हेटर अजिबात फिरवू नका. भुसभुशीत केलेल्या मातीत हवा भरते, आणि ती सगळ्यात थंड जमीन ठरते. दाबून बसलेली, ओली, उघडी जमीन ही सगळ्यात उबदार.

द्राक्षाच्या बाबतीत शून्याखालची रात्र क्वचित येते, पण पाच-सात अंशांच्या सलग रात्रीही नुकसान करतात, ते वेगळ्या वाटेने. मण्यांची फुगवण थांबते. संजीवकांना, म्हणजे वाढीसाठी देतात त्या द्रव्यांना, वेल प्रतिसाद देत नाही, म्हणून जीएची (जिबरेलिक ॲसिडची) फवारणी किंवा डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, करायचंच असेल तर पानं तापल्यावर, दुपारकडे करा आणि लाटेच्या ऐन दिवसांत पुढे ढकलणं अधिक चांगलं. भुरी हा बुरशीचा रोग डोकं वर काढतो, त्यात थंड दिवसांत गंधक नीट काम करत नाही. त्यावर विसंबून राहू नका. आणि पुढे पाणी उतरायला लागलं की दिवसा तीस अंश, रात्री सहा, अशा तफावतीने थॉमसनमध्ये पिंक बेरी येते, हिरव्या घडात गुलाबी मणी दिसतात आणि निर्यातीला तो घड चालत नाही. त्यावर उपाय कागदाचा. पाणी उतरायला सुरुवात होते त्याच सुमाराला घडांना पेपर लावा, उशिरा लावलेल्याचा उपयोग राहत नाही. तुमच्या बागेची वेळ जवळ येत चालली आहे, कागद आणि मजूर दोन्ही आताच सांगून ठेवा.

पपईला द्राक्षापेक्षा जपा. तिचं खोड पाणीदार, पानं मोठी, तिला शून्याच्या जवळचा एक तडाखाही पुरतो. लहान रोपं असतील तर झाका. झाकायची पद्धत मात्र बरोबर हवी. झाकण जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडा मातीने दाबल्या पाहिजेत, कारण आत कोंडायची आहे ती जमिनीतून वर येणारी ऊब. रोपाच्या शेंड्यावर कापड टाकून खोडाला दोरीने आवळलं तर खालची ऊब बाहेर आणि रोप आत, असं होतं. नॉन वोव्हनचं (न विणलेल्या कापडाचं) क्रॉप कव्हर, 17 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 17 ग्रॅम वजनाचं, एक-दोन अंश राखतं. गोणपाट किंवा दोन पदरी सुती कापड त्याहून बरं. प्लास्टिक पानाला चिकटलं तर चिकटलेला भाग हमखास जळतो, म्हणून वापरायचं झालं तर काठ्यांच्या सांगाड्यावर. झाकण दुपारी चार-साडेचारला, जमीन अजून उबदार असताना घाला. काळोख पडल्यावर घातलं तर निम्मी ऊब निघून गेलेली असते. सकाळी ऊन वर आलं की काढा, नाहीतर त्या दिवशी जमीन तापणार नाही आणि पुढची रात्र आणखी जड जाईल. मोठ्या पपईच्या फळांभोवती गोणपाट गुंडाळा, बुंध्याशी ओल ठेवा.

परसबागेत कांदा, लसूण, मेथी, कोबी, पालक यांची काळजी करू नका, ती थंडीचीच पिकं. हरभरा आणि वाटाण्याची पानं तग धरतात, फुलं आणि कोवळे घाटे-शेंगा मात्र जातात. वांगी, टोमॅटो, मिरची, भोपळवर्गातले वेल, अळू आणि तुळस ही नाजूक. तुळस एका रात्रीत काळी पडते. वृंदावन अंगणाच्या मधोमध उघड्यावर असेल तर संध्याकाळी जुन्या लुगड्याची दुहेरी घडी वरून टाकून खाली कट्ट्यापर्यंत सोडा. कुंड्या पश्चिमेच्या भिंतीलगत, पत्र्याखाली नव्हे तर स्लॅबखाली एकत्र ठेवा. पत्रा स्वतःच रात्री बर्फासारखा गार पडतो. कुंड्यांना पाणी सकाळी द्या.

आणि एवढं करूनही पानं करपली तर? पहिले आठ-दहा दिवस कात्रीला हात लावू नका. नुकसान कुठपर्यंत गेलं आहे ते लगेच दिसत नाही, आणि करपलेला वरचा पाला खालच्या फुटीला पुढच्या रात्री थोडा आडोसा देतो. पपई, लिंबू, जास्वंद अशा झाडांची साल नखाने खरवडून बघा. आत हिरवी आणि ओलसर असेल तर फांदी जिवंत आहे, तपकिरी असेल तर गेली. छाटणी फेब्रुवारीच्या मध्यानंतर, लाटेची भीती सरल्यावर, जिवंत भागापर्यंत करा. लगेच युरिया टाकून फूट काढण्याच्या नादी लागू नका, ती कोवळी फूट पुढच्या थंडीत सगळ्यात आधी जाईल. द्राक्षात फुटीवर किती निरोगी पानं उरली ते मोजा आणि त्या मानाने घड कमी करा. पानं गेलेल्या काडीवर सगळे घड ठेवले तर एकही धड पिकत नाही. हा निर्णय जिवावर येतो हे मला माहीत आहे, वर्षभराची मेहनत त्या घडांत असते. तरी तो लवकर घ्या.

आजच्या आज करायचं ते असं: खालच्या बाजूची जाळी उचला, पाचट बाजूला ओढा, उद्या सकाळी लाइट असेल त्या वेळेत पाणी द्या आणि संध्याकाळी खोलगट कोपऱ्यात थर्मामीटर लावा. रात्री दहाला तो सहा दाखवत असेल, वारं पडलेलं असेल आणि आभाळ स्वच्छ असेल, तर पहाटे तीनचा गजर लावून ठेवा. पारा सगळ्यात खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमाराला, म्हणून उजाडलं म्हणजे संपलं असं समजून ठिबक बंद करू नका. पानांवर ऊन येईपर्यंत चालू द्या. चार-पाच दिवसांच्या नोंदी झाल्या की मला कळवा, त्यावरून तुमच्या बागेसाठी कुठल्या आकड्याला जागायचं ते आपण नक्की करू.